कडा उजवीकडे होता

रविवार संध्याकाळ, मयूर विहार

चैन पडत नाहीये. आज नेहाला घेऊन फरिदाबादच्या डोंगरातल्या त्या तलावावर गेले. तोच, ज्याचा फोटो इतकी वर्षं कॅलेंडरांवर छापला जातोय. बाबा नेहमी सांगायचे, “तो काढला तेव्हा कॅमेऱ्याचा स्टँड मी धरला होता. कडा उजवीकडे होता.” फोटोत कडा डावीकडे. गेल्या दिवाळीत मी हसून म्हटलं, “बाबा, पुरे आता या गोष्टी.” सगळे हसले. त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही.

तलाव आटलाय. दोन्ही काठांवरून पाहिलं, काही जुळेना. मग नेहानं मोबाइलवर फोटो उलटा फिरवला, आरशातल्यासारखा. कडा, देऊळ, खडक, सगळं जुळलं.

“मम्मा, यार, फोटोच उलटा छापलाय! आजोबा बरोबर होते.”

कडा उजवीकडेच. मी का नाही विश्वास ठेवला?

घरी येताच द्वारकेला, बाबांच्या घरी फोन लावला. “बाबा, कडा उजवीकडेच आहे.”

 “अच्छा,” ते म्हणाले.

माफी मागायची होती. तोंडातून निघालं, “औषध घेतलंत ना?”

आणि हा फोनसुद्धा मी बेडरूमचं दार लावून केला. दिवाळीत मी हसले होते ते मात्र सगळ्यांदेखत.