उष्णता, गरम पाणी व.

ती. मामांना,

दोन्ही हात जोडून, आणि मुद्दाम हातमोजे काढून, नमस्कार. (हातमोज्यांचं पुढे कळेल.) यानंतर 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे, पण विनंती मी शेवटासाठी राखून ठेवली आहे. ती आधी वाचलीत तर तुम्ही पत्राची घडी घालून ते फायलीला लावाल आणि मला नुसती पोच पाठवाल. तुमचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी जेवणानंतर घेता की जेवणाऐवजी? मामी गेल्यापासून रात्री चहा-बिस्किटावर भागवता, अशी खबर मला शेजारच्या शिंपीणबाईंकडून लागली आहे. नाही म्हणू नका, त्यांनी बिस्किटांचा मेकसुद्धा सांगितला आहे.

आता मुख्य बातमी. मी आणि पिटुकली परत येत नाही. शुक्रवारचं तिकीट रद्द केलं. तुम्ही म्हणाल, तुम्ही परत येणार होतात कधी? तर येणार होतो, मामा. तुमच्या जावयांना इथे एकटं ठेवून आम्ही दोघी मायलेकी निघणार होतो, किती महिन्यांसाठी ते ठरलं नव्हतं, कारण ते ठरवायला बसलं की दोघांपैकी कोणीतरी उठून भांडी घासायला लागायचं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचात, घर उबदार आहे ना? आणि मी दातावर दात आपटत हो म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, लाइनमध्ये खरखर आहे. ती लाइन नव्हती, ती मी होते.

हे सगळं तुमच्या वहीमुळे झालं. रागावू नका, अर्धी चूक माझी आहे. पण अर्धी तुमची आहे आणि ती आधी सांगते. निघताना तुम्ही दारात उभे राहून ती निळी वही माझ्या हातात ठेवलीत. कव्हरवर 'अंथरूण पाहून पाय पसरावे', आत शहाण्णव पानं, तांबड्या शाईच्या रेघा, आणि परदेशात तीन माणसांना लागणाऱ्या मिठापासून बसच्या पासापर्यंत सगळ्याचा अंदाज. मी म्हटलं, मामा, वही कशाला, तुम्हीच चला. त्यावर तुम्ही म्हणालात, एक माणूस वाढलं की तुमचं अंदाजपत्रक कोसळेल, आणि वर टॅक्सीवाल्याला मीटर टाकायला सांगितलंत. (आम्ही अजून बसलोही नव्हतो.) वहीबद्दल तक्रार नाही. दुधाचा अंदाज तर तुमचा चमचाभरही चुकला नाही. पण पस्तीस वर्षं कोषागारात काढल्यामुळे तुम्हाला पूर्ण शब्द लिहिला की शाई वाया गेल्यासारखी वाटते. किरकोळला 'कि.', दुरुस्तीला 'दु.', आणि दुधालाही 'दु.', त्यामुळे पहिल्या महिन्यात तुमचे जावई दुरुस्तीच्या पैशांतून दही घेऊन आले.

वहीत आणखी एक सूचना होती, प्रत्येक किंमत आपल्या पैशांत गुणून पाहावी. त्या सूचनेने माझ्या संसाराचं वाटोळं केलं असतं. जावई फुलकोबी हातात घेऊन दुकानात उभे राहायचे, ओठ हलायचे, गुणाकार पूर्ण व्हायचा, चेहरा पडायचा, आणि फुलकोबी परत जागेवर ठेवली जायची. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून एकच शब्द बोलायचो, महाग. पिटुकलीने बोलायला सुरुवात केली ती याच शब्दाने. आई नाही, बाबा नाही, 'म्हाग'. कुत्रं दिसलं, म्हाग. बस आली, म्हाग. खिडकीतून चंद्र दाखवला तर बोट वर करून म्हाग. (चंद्राच्या बाबतीत ती बरोबर असावी.) दुकानातली गल्ल्यावरची मुलगी हे रोज ऐकायची. तिला वाटलं, आमच्याकडे भेटल्यावर असंच म्हणतात. आता आम्ही आत शिरलो की ती हात हलवून, अगदी मनापासून म्हणते, "महाऽग!" आणि आम्हीही महाग म्हणतो. तिला खरं सांगायला आता फार उशीर झाला आहे.

केस कापणंही आम्ही गुणून पाहिलं, आणि मग जावयांचे केस मीच कापले. त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसात टोपी घालून बसू लागले. आठवड्याने त्यांच्या साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन आदराने सांगितलं, की टोपीबद्दल कोणी काही बोललं तर थेट मला सांगा, इथे सगळ्यांच्या श्रद्धेचा मान राखला जातो. यांनी गंभीरपणे आभार मानले. दुसरं काय करणार?

तर आता पान सात. घर शोधून देणाऱ्या दलालाने करारनामा फोनवर वाचून दाखवला होता, आणि तुम्ही तो स्पीकरवर ऐकून टिपून घेतला होता. (तेव्हा मी बाजारात स्वेटर घेत होते. दोनच घेतले. दहा घ्यायला हवे होते.) तुम्ही लिहिलंत: 'भाडे अमुक. उष्णता, गरम पाणी, कचरा, जिना-सफाई व.' आता मला सांगा, हा 'व.' काय समजायचा? मी आधी चार पानं मागे गेले. पान तीनवर तुम्ही लिहिलंय, 'दु. रोज १ लि., रविवार व.' म्हणजे रविवार वगळून, कारण रविवारी दुकानं बंद. तेव्हा पान सातवरही वगळून. उष्णता वगळून, गरम पाणी वगळून, यांचं बिल वेगळं येणार. पुढे तुम्ही उष्णतेचा रकानाच आखलेला नव्हता. मला वाटलं, मामा विसरले. (इथेच मला थोडी अक्कल असती तर मी थांबले असते. तुम्ही आमच्या लग्नात चपला सांभाळायचा रकाना विसरला नव्हतात.) दलालाला विचारावं तर दलाली घेतल्यापासून त्याचा फोन लागत नाही. जावयांनी ऑफिसात एकाला विचारलं, हीटरचा खर्च किती येतो? त्याचं स्वतःचं दुमजली घर आहे. तो म्हणाला, महिना तीनशे. मी माझ्या हाताने, पट्टी धरून, तुमच्या वहीत रकाना आखला: उष्णता, तीनशे.

करारनाम्याची चार पानं आमच्याकडे होती, नाही असं नाही. पण ती इथल्या भाषेत. मोबाइलमधून भाषांतर काढलं तर त्याने पहिल्याच ओळीला सांगितलं, 'भाडे उबदार आहे.' आम्हाला वाटलं, घरमालकाचा स्वभाव असेल. कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

आणि मग ते तीनशे, मामा. सगळा संसार त्या तीनशेवर अडला. इथे एका चष्म्याच्या दुकानात मला अर्ध्या दिवसाचं काम मिळत होतं, डोळ्यांचे नंबर तपासायचं, माझंच काम. त्यासाठी पिटुकलीला पाळणाघरात ठेवायचं, त्याचे महिना दोनशे ऐंशी, आणि दोन महिन्यांचे आधी. पाळणाघराशिवाय पगार नाही, पगाराशिवाय पाळणाघर नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होईना आणि लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, त्यातली गत. आणि शिल्लक काढली की दर महिन्याला चाळीस. तीनशे मात्र बिस्किटाच्या डब्यात बाजूला पडत होते, येणाऱ्या बिलासाठी. बिल येत नव्हतं. बिल आलं असतं तर बरं वाटलं असतं. न आलेलं बिल आमच्या डोक्यात वाढत होतं. तीन महिन्यांनी आम्ही ठरवलं की तीनशेही पुरायचे नाहीत, हीटर लावायचेच नाहीत. पिटुकलीने चुकून फिरवू नयेत म्हणून सगळ्या हीटरच्या कळा चिकटपट्टीने बांधून टाकल्या.

त्यापुढचे दोन महिने आम्ही स्वयंपाकघरात राहिलो. स्वयंपाक झाला की तासभर तिथे बरं वाटायचं. गादी ओट्याखाली. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणता, पण तिघांत एक गादी, त्यात पाय फ्रिजला लागतात, पसरणार कुठे? कोट घालून जेवायचं, हातमोजे घालून वहीत हिशेब लिहायचा, टोपी घालून झोपायचं. कांदे-बटाटे हॉलमधल्या हीटरवर ठेवायचो, कारण घरात तीच जागा सगळ्यात थंड. हसू येतंय ना? आम्हालाही यायचं, पहिले काही दिवस. मग पिटुकलीला खोकला झाला आणि हसू थांबलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, फक्त ऊब ठेवा. त्या संध्याकाळी जावई माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी एकटा कसाही राहीन." आणि मी तिकीट काढलं. मला वाटलं होतं ते भांडतील. भांडले नाहीत. तेच जास्त लागलं.

आता मंगळवार, सकाळचे अकरा. बॅग उघडी, मी पिटुकलीचे कपडे भरत होते, तेवढ्यात इमारतीची देखभाल बघणाऱ्या बाई आल्या. कमरेला चाळीसेक किल्ल्या असतात, म्हणून आम्ही त्यांना किल्लीबाई म्हणतो. आठवड्यापूर्वी त्यांनी दाराला चिठ्ठी लावली होती, हीटर तपासायला येणार म्हणून. आम्ही ती जाहिरात समजून तिच्यावर भाजीची यादी लिहिली होती. बाई आत आल्या. पिटुकलीचा कोट बघितला, माझी टोपी बघितली. हॉलमधले कांदे बघितले. हीटरला हात लावला आणि जळाल्यासारखा मागे घेतला, इतका तो गार. त्यांना वाटलं, हीटर बिघडलाय आणि हे गरीब लोक तक्रार करायला घाबरलेत. त्या माझी माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, बिघडला नाही, बिल. त्या म्हणाल्या, कसलं बिल? मी तीन बोटं दाखवली, डबा दाखवला, शेवटी ड्रॉवरमधून करारनामा काढून दिला. त्यांनी त्याच 'भाडे उबदार आहे'च्या ओळीवर बोट ठेवलं, मग भाड्याच्या आकड्यावर ठेवलं, आणि दोन्ही हातांनी मोठा गोल काढून दाखवला. सगळं यात. उष्णता यात, गरम पाणी यात. बिल नाही. कधीच नाही. मामा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, आमचा कळसा तर भिंतीला स्क्रूने बसवलेला होता, आणि वर आम्ही बटाटे ठेवत होतो.

बाई हसल्या असत्या तर मीही हसले असते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खाली बसून नखाने एकेका कळेची चिकटपट्टी सोडवली, आणि मला रडू आलं. अर्ध्या तासात हीटर तापला. पिटुकली त्याला पाठ लावून बसली आणि तिने आपण होऊन कोट काढला. मी तशीच बॅगेसमोर बसून राहिले. तुमचा 'व.' वगळून नव्हताच, वगैरे होता, सगळं भाड्यात धरून. एक अक्षर, मामा. लोकांचे डोळे तपासते मी, भिंतीवरची शेवटची ओळ वाचून घेते, आणि मला एक अक्षर वाचता आलं नाही.

जावई घरी आले, दारातच थबकले आणि ओरडले, "हीटर कोणी लावला?" बंद करायला धावले. मी त्यांना पकडून सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ते हीटरला टेकून खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढली. मी माझं काम पहिल्यांदाच नीट पाहिलं. खरंच फार वाईट कापलेत.

डब्यात पाच महिन्यांचे दीड हजार निघाले. पाळणाघराचे पैसे भरले, सोमवारपासून मी कामाला. तिकिटाचे कापून गेलेले 'कि.'मध्ये टाकलेत. जावई सलूनमध्ये जाऊन आले, न गुणता. आम्ही हॉलमध्ये झोपतो, पाय पसरून. खूप हलकं वाटतंय, मामा, इतकं की हे पत्र लिहिता लिहिता मी दोनदा उठून हीटरला हात लावून आले.

पिटुकलीचा पापा, जावयांचा नमस्कार.

तुमची,
एका अक्षराला चुकलेली भाची

ता. क. हे पत्र शिंपीणबाईंना वाचून दाखवू नका. त्यांना मी दोन महिन्यांपूर्वी कळवलंय, की इथे इतकं उकडतं की पंखा घ्यावा लागणार.

आणखी ता. क. किल्लीबाईंना सहज विचारलं, चार माणसांपर्यंत भाडं तेवढंच. गरम पाणी तेवढंच. आपली लहान खोली रिकामी आहे. तिला पूर्वेची खिडकी आहे आणि हीटर खिडकीखाली आहे, गुडघ्याच्या उंचीवर.

शेवटचं ता. क., आणि राखून ठेवलेली विनंती हीच. वहीचं पहिलं पान मी आजवर कधी वाचलं नव्हतं. तिथे माणसांची यादी असणार, आणि घरात माणसं किती ते मला पाठ आहे, म्हणून. काल वाचलं. तुमच्याच अक्षरात आहे, तांबड्या शाईत: 'माणसे: जावई, भाची, नात व.' हा 'व.' वगळून आहे की वगैरे? आम्ही तिघांनी तो वगैरे असा वाचला आहे आणि त्या खोलीतला हीटर कालपासून लावून ठेवला आहे. उलट टपाली कळवा. आणि मामा, या वेळी पूर्ण शब्द लिहा.