हातानेच मागे केलेला तास

माझ्या डोक्यावरचा मुकुट, आईच्या जागी असलेली माझी थोरली बहीण लल्ला तामू हिला,

धाकट्या अल्लालचा सलाम, उजव्या हाताचं चुंबन, आणि हात मागे घेतलास तर झग्याच्या काठाचं. रोजे कसे चाललेत? गुडघे काय म्हणतात? साखर ताब्यात आहे ना, की खजुरांपुढे पुन्हा शरण गेलीस? वरच्या मजल्यावरची ती बाई अजून तुझ्या वाळत घातलेल्या चादरींवर फरशी पुसल्याचं पाणी सोडते का? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं. पण तू मला ब्लॉक केलं आहेस. इतक्या वर्षांनी हातात पेन धरलं आहे, अक्षर लागलं नाही तर शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घे. (नको, तिच्याकडून नको. गोष्ट आपल्या दोघांतली आहे.)

ब्लॉकचं मी समजू शकतो. तो तुझा हक्क आहे. पण घरच्या ग्रुपवरून काढणं जिव्हारी लागलं. पडद्यावर ओळ आली, ‘लल्ला तामू यांनी अल्लाल यांना काढून टाकलं.’ अगं, बाप कुणाला घराबाहेर काढायचा तेव्हा आधी निदान ओरडायचा तरी! इथे आवाज नाही, काही नाही, एक करडी ओळ आणि माणूस गल्लीत. आता पुतण्याला मुलगा झाला हे मला भाजीवाल्याकडून कळतं. राबहा अजून ग्रुपवर आहे. ती माझ्यासमोर बसून वाचते, हसते, आणि ‘काय गं?’ म्हणून विचारलं की म्हणते, ‘काही नाही, कौटुंबिक आहे.’ लग्नाची बायको असं म्हणाली, लल्ला.

शिक्षा चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण बाजू न ऐकता झाली, म्हणून बाजू मांडतो. ती मांडायची तर जरा मागून सुरुवात करावी लागेल, कारण त्या रविवारी जे झालं त्याला मी एकटा जबाबदार नाही. संपूर्ण सॉफ्टवेअर धंदा जबाबदार आहे.

तुला माझं मत ठाऊक आहे. दर्ब घल्लेफच्या बाजारात मी रेडिओ दुरुस्त केले, टीव्ही दुरुस्त केले, आणि आता त्याच टपरीत मोबाइलची कव्हरं विकतो. यंत्राला स्क्रू असावा ही माझी साधी श्रद्धा आहे. स्क्रू म्हणजे बनवणाऱ्याने दिलेली कबुली, की बाबा रे, कधीतरी हे बिघडेल, तेव्हा उघडून बघ. हल्लीचे फोन डिंकाने चिकटवतात. डिंक म्हणजे उद्धटपणा. मिलूदीला हे पटत नाही. (मिलूदी म्हणजे माझ्या समोरचा टपरीवाला, फक्त चावलेल्या सफरचंदाचे फोन विकणारा. तुझ्या नवऱ्याच्या मयतीला आला होता आणि तिथेही चार्जर शोधत होता, तोच.) त्याचं म्हणणं, उघडायचंच कशाला? तू स्वतःचं पोट उघडून बघतोस का रोज? मी म्हणतो, पोटाचा आणि फोनचा काय संबंध? तो म्हणतो, दोन्ही तुझ्या ताब्यात नाहीत. असं आमचं पुदिन्याच्या चहावर रोज चालतं. कॅफेवाला आम्हाला वेगळं टेबल देतो, म्हणजे बाकीच्यांना टीव्हीवरचा फुटबॉल ऐकू येतो.

आणि घरी जावई. बद्र पोरगा चांगला आहे, नाही म्हणत नाही, पण काचेच्या इमारतीत बसून सॉफ्टवेअर लिहितो, आणि ते लिहून झालं की लगेच नवं लिहितो, कारण जुन्यात चुका असतात. मी विचारलं, ‘अरे, मग चुका काढूनच बाहेर का पाठवत नाहीस? मी अर्धा दुरुस्त रेडिओ कधी कुणाला दिला का?’ तर हसून म्हणाला, ‘बाबा, लोक वापरतात तेव्हाच चुका कळतात.’ म्हणजे गिऱ्हाइकानेच तपासायचं, आणि वर आभार मानायचे! दर गुरुवारी जेवायला आला की माझा फोन उचलतो, ‘बाबा, अपडेट करून देतो,’ म्हणतो, आणि शुक्रवारी सकाळी मला माझाच अलार्म सापडत नाही. त्याने एकदा फोनमधल्या त्या बोलक्या बाईशी माझी ओळख करून दिली. मी तिला आपल्या घरच्या बोलीत विचारलं, लल्लाच्या उज्द्याची गाडी कधी येते? तिने बातम्यांच्या अरबीत क्षमा मागितली आणि उज्द्याचं हवामान सांगितलं. राबहा म्हणाली, ‘तुझ्यापेक्षा बरी आहे, निदान क्षमा तरी मागते.’

आता मुद्द्यावर येतो. वर्षभर सरकार देशाची घड्याळं एक तास पुढे ठेवतं आणि रमजानाच्या तोंडावर ती मागे करून आपला तास परत देतं. त्या दिवसांत कुणाला वेळ विचारली तर तो आधी विचारतो, ‘जुनी की नवी?’ तू इकडे यायची होतीस तेव्हा तुला मी फोनवर हेच विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, ‘रविवारी दोनला उतरते.’ मी म्हणालो, ‘जुन्या वेळेने की नव्या?’ तू म्हणालीस, ‘अरे अल्लाल, गाडीच्या वेळेने! तू ये म्हणजे झालं.’

शनिवारी संध्याकाळी कॅफेत हाच वाद पेटला. मिलूदी म्हणाला, फोन रात्री आपोआप तास मागे करतो, आपण झोपायचं. मी म्हणालो, मी माझा तास कुणा यंत्राच्या हाती देणार नाही. वेळ सरकारची असेल, पण बोटं माझी आहेत. आजूबाजूच्या दोघातिघांनी मान डोलावली (त्यातला एक झोपलेला होता हे नंतर कळलं). घरी येऊन मी ते आपोआपचं बटण बंद केलं. म्हणजे बंद केलं असं मला वाटलं. बद्र नंतर म्हणाला, मी बंद केलं ते पडदा आडवा-उभा फिरायचं बटण होतं. आता सांग, दोन बटणं इतक्या जवळ कोण ठेवतं? सकाळी उठलो, फोन हातात घेतला, तो वेळ बदलू देईना म्हणून पुन्हा बटण शोधलं, या वेळी बरोबर सापडलं, ते बंद केलं आणि बिस्मिल्ला म्हणून स्वतःच्या बोटांनी तास मागे केला. रात्री तो बिचारा गुपचूप आधीच मागे गेला होता. मग त्याच फोनवर बघून मी स्वयंपाकघरातलं घड्याळ लावलं, दिवाणखान्यातलं लावलं, राबहाच्या उशाचं लावलं. अख्खं घर देशाच्या एक तास मागे चालू लागलं, आणि मी खुशीत सांगत होतो, ‘बघ, सगळी घड्याळं कशी एकमुखाने बोलतायत.’ राबहा म्हणाली, ‘ती तुझ्याच मुखाने बोलतायत, म्हणून भीती वाटते.’

तर अशा रीतीने, खरे दोन वाजले तेव्हा माझ्याकडे एक वाजला होता, आणि मी स्टेशनाजवळच्या कॅफेत मिलूदीबरोबर बसून होतो. मुद्दाम लवकर आलो होतो, हे लक्षात घे. नवा झगा घातला होता. राबहाने तुझी खोली लावली होती, खिडकीजवळची, कारण तुला रात्री हवा लागते. तू राबहाला म्हणाली होतीस म्हणे, ‘नवरा गेल्यापासून पहिला रमजान आहे, एकटीच्या पुढ्यात ताट बघवणार नाही, म्हणून येते.’ हे तू मला सांगितलं नव्हतंस. मला सांगितलं होतंस, डॉक्टरला दाखवायचंय.

तू मला फोन केलास असं राबहा सांगते. लल्ला, तो वाजला नाही. बद्रच्या नव्या अपडेटनंतर घंटी कधी वाजते, कधी नाही. हेच मी इतकी वर्षं ओरडून सांगतोय.

स्टेशनात शिरलो तर समोरच्या मोठ्या घड्याळात तीन वाजून गेलेले. मी रखवालदाराला गाठलं आणि म्हणालो, ‘तुमचं घड्याळ चुकलंय.’ त्याने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, वयाचा मान ठेवून म्हणाला, ‘हाज, घड्याळ चुकलं असेल. पण मग गाड्याही सगळ्या मिळून चुकल्या का?’ मी त्याला आपोआपच्या बटणाबद्दल समजावायला लागलो. तो ऐकत होता, भला माणूस. मग मध्येच म्हणाला, ‘तुम्ही कुणाला न्यायला आलात? एक म्हातारी बाई होती, डब्यात कआकची बिस्किटं घेऊन बसलेली. दर थोड्या वेळाने दारापर्यंत जाऊन यायची. मलाही दोन दिली, बडीशेप घातलेली. आत्ताच उज्द्याच्या गाडीत बसली.’ मी धावलो, लल्ला. या वयात, त्या झग्यात. फलाट रिकामा होता, एक माणूस झाडू मारत होता.

टॅक्सी करून घरी का आली नाहीस, असं मी राबहाला विचारलं. तिने तुझा निरोप मला ऐकवला, तोच एक ऐकवला: ‘ज्या घरचा माणूस स्टेशनावर येत नाही, त्या घराची पायरी तामू चढत नाही.’ बरोबर आहे. आपल्या बापाने उज्द्याच्या स्टेशनावर पावसात उभं राहून पाहुणे आणले. मी ते पाहिलं आहे, त्याचं बोट धरून. पहिल्या रोज्याला राबहाने सवयीने तुझाही वाडगा मांडला आणि मग उचलला. मी हरीऱ्याचं सूप प्यायलो, पण कशाची चव होती ते सांगता येणार नाही. तिकडे तू दहा तासांच्या अंतरावर एकटी, एवढ्या लांबून येऊन परत गेलेली, आणि इथे आम्ही सगळे वेळेवर. मला वाईट वाटतं, लल्ला. इतकं वाईट वाटतं की मिलूदी परवा म्हणाला, डिंकापेक्षा स्क्रू बरा, आणि मला आनंद झाला नाही.

थोडक्यात, दोष बटणाचा, अपडेटचा आणि दोन बटणं शेजारी ठेवणाऱ्या त्या कुणा शहाण्याचा. माझा इतकाच, की मी या लोकांच्या काळात म्हातारा झालो. मोठ्या मनाने माफ कर.

तुझ्या दुआंचा आणि तुझ्या शिव्यांचाही हक्कदार,
अल्लाल

ता. क. ग्रुपवर परत घेतलंस तर बरं होईल. बोलणार नाही, नुसता वाचत बसेन. फुलांची चित्रंसुद्धा पाठवणार नाही. राबहा स्वयंपाकघरात एकटीच हसते, ते मला सहन होत नाही.

आणखी ता. क. वरचं पत्र टपालपेटीपर्यंत नेलं आणि आत टाकवलं नाही. शेवटचा परिच्छेद खिशातच टोचत होता. म्हणून हे गाडीत बसून लिहितोय. लल्ला, फोन वाजला होता. अपडेटमध्ये काही बिघाड नव्हता, घंटी चांगली खणखणीत वाजली. पडद्यावर तुझं नाव आलं. मिलूदी तेव्हा वादात हरायला आला होता, आजूबाजूचे लोक फुटबॉल सोडून आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, गाडीतून करत असशील, सांगायला की आता पोचते. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. तो पुन्हा वाजला. मिलूदी म्हणाला, ‘अरे घे, बहीण आहे.’ मी म्हणालो, ‘विषय बदलू नकोस.’ तास चुकला तो चुकला. पण उचलला असता तर मी पाच मिनिटांच्या अंतरावर होतो. हे बद्रला माहीत नाही, तो अजून माझ्या घंटीतली चूक शोधतोय. राबहाला माहीत असावं, तिने कधी विचारलं नाही.

शेवटचं. हे तुझ्या जिन्यात लिहितोय, कागद गुडघ्यावर धरून. वरची बाई आत्ताच फरशी पुसून गेली, माझ्या झग्यावर पाणी आलंय. हे आता दाराखालून सरकवतो. आत तुझ्या पावलांचा आवाज येतोय, भांडं ठेवल्याचाही. एकच भांडं. फोन मी आणलेला नाही, त्यामुळे किती वाजलेत ते जुन्या वेळेनेही माहीत नाही आणि नव्यानेही. पण खाली गल्लीत माणसं पाव काखेत मारून घाईघाईने घरी चाललीत, म्हणजे अजान होईलच. तुझ्या घराची पायरी मी चढलो आहे, लल्ला. दार तेवढं उघड.