आपल्या मोरीत कुणीच पडलं नव्हतं

बाबा, आज ऑफिसात मोरीचा विषय पुन्हा निघाला. कचऱ्याच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर सकाळी माझ्या टेबलापुढे उभा राहिला. उधव्याचा आहे, लग्न होऊन फार दिवस झाले नाहीत. उजवा हात पंच्याने गुंडाळलेला, बोटं सुजून वांग्यासारखी झालेली. काय झालं विचारलं, तर खाली बघून म्हणाला, "मोरीत पाय घसरला, मॅडम." बाबा, माझं डोकंच फिरलं. तुमच्या जागी अनुकंपेवर लागले तेव्हा साधं टपाल लिहायचे. आता पालिकेच्या सगळ्या गाड्या आणि त्यांच्यावरची माणसं माझ्याकडे असतात. कुणाला काही लागलं तर त्याचा रिपोर्ट मीच वर पाठवायचा. आणि इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस मोरीतच पडलेला असतो. गावात नळाला एक दिवसाआड पाणी, मोऱ्या कोरड्या ठणठणीत, तरी आमची माणसं आपली घसरतायत. मी त्याला तसं म्हटलंही. तो कसनुसा हसला. ते हसू मी ओळखते, बाबा. असंच हसून तुम्ही एका दुपारी घरात आला होतात.

आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापतेय. मी उंबऱ्यात दप्तर भरतेय, कारण माझी शाळा दुपारची. तुम्ही कचऱ्याच्या ट्रॅक्टरची फेरी संपवून येता, पण आज चपला काढायला वाकत नाही. डाव्या हाताने उजवा हात छातीशी धरलाय. आईने पाहिलं आणि तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ट्रॉलीचा मागचा फाळका लावताना हात मध्ये सापडला, एवढंच तुम्ही सांगितलं. आणि लगेच पुढचं वाक्य, जसं काही वाटेत पाठ करून आला होतात: "कुणी विचारलं तर मी मोरीत घसरलो म्हणून सांगायचं." आई म्हणाली, "माझ्या मोरीत?" तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. हात मोडलाय याचं दुःख त्यात होतंच, पण त्याहून जास्त अपमान होता. तुम्ही म्हणालात, रिपोर्ट केला तर चौकशी होईपर्यंत ट्रॅक्टर आवारात उभा करतील, गावात कचऱ्याचे ढीग लागतील. आईला ते पटलं नाही. पण तुम्ही ताकास तूर लागू दिली नाही. सरकारी दवाखान्यात गेलात तर कसं लागलं ते विचारतील, म्हणून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून उधव्याच्या बाजूच्या हाड बसवणाऱ्याकडे गेलात आणि बांबूच्या चिपा बांधून संध्याकाळी परत आलात.

खरी शिक्षा आईला झाली. आपली मोरी म्हणजे तिचा मान. नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासून घासून तिने ती अशी ठेवलेली असायची, की पाहुणे आले तर ती त्यांना आधी मोरीच दाखवेल की काय असं वाटावं. आता गल्लीतली जी बाई यायची ती तुमच्या हाताची चौकशी करून झाली की आत डोकावायची. सोडा टाकत जा. शेवाळ धरलं असेल, कोपरे बघ. आई ओठ घट्ट मिटून हो हो म्हणायची आणि बाया गेल्या की भांडी आपटायची. नरपडची आत्या तर कहर करून गेली. तिने येताना रिक्षातून एक खडबडीत दगडी लादी आणली आणि मोरीत टाकून दिली, भावाचा पाय परत घसरू नये म्हणून. ती लादी अजून तिथेच आहे, बाबा. मी रोज तिच्यावर उभी राहते.

आणि तुमच्या ट्रॅक्टरवरचे काका आठवतात? तलासरीकडच्या पाड्यावरून यायचे, तुमच्यासोबत ट्रॉली भरायचे. तुमच्याहून वयाने थोडे मोठेच. तेव्हा ते रोजंदारीवर होते. होळीला, दिवाळीला आपल्याकडे यायचे, ओट्यावर बसून चहा प्यायचे. आई म्हणायची, आत मोरीत हात धुऊन घ्या. ते कधी आत गेले नाहीत. बाहेर रस्त्यावरच्या नळाला पाणी असो नसो, तिथेच जायचे. आईला वाटायचं, यांनाही माझ्या मोरीची भीती. त्यावरूनही भांडी आपटली जायची.

माझं नुकसान वेगळंच झालं होतं. आई अंगणवाडीतून आली की लगेच चुलीला लागायची, म्हणून माझी वेणी तुमच्याकडे होती. फेरीवरून आलात की आधी मोरीत जाऊन लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचात, हुंगून बघायचात, परत धुवायचात. मग ओट्यावर बसून मला पुढे घ्यायचात. तुमच्या वेण्या अशा पक्क्या, की डोळे ताणले जायचे. गाडीवर दोर आवळतात तसं घालू नका, असं मी ओरडायचे. चिपा सोडल्या तेव्हा हात बरा झाला होता, पण मूठ मिटत नव्हती. गिअर तुम्ही तळव्याच्या टाचेने टाकायला शिकलात. भात आई कालवून द्यायची. वेणी मात्र तुम्ही सोडली नाहीत. तिसरा पेड त्या वाकड्या बोटांत राहायचाच नाही, निसटायचा, तुम्ही परत धरायचात. शेवटी जे काही व्हायचं ते कानामागून भुरभुरत मी शाळेत जायचे. तुम्ही ओट्यावरून म्हणायचात, "बाईंना सांग, नीट घालून देतील." मी हो म्हणायचे.

तुम्ही नोकरीत असतानाच गेलात. छातीत दुखतं म्हणालात आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता हे मला कळतं. पण बाबा, खरं सांगू? मला तुमचा राग होता. ऑफिसात आल्यावर नियम समजले तसा तो वाढत गेला. वेळेत रिपोर्ट केला असता तर नीट उपचार झाले असते, रजा मिळाली असती, हात मिटला असता. एका ट्रॅक्टरसाठी माणूस एवढं करतो? मला वाटायचं, ड्रायव्हरची ऐट दुसरं काय. आपण नसलो तर गाव घाणीत बुडेल असा तुमचा समज. म्हणून या वर्षी नवे नियम करायला साहेबांनी मला सांगितलं तेव्हा मी हट्टाने एक ओळ त्यात घातली: लागलेलं त्याच दिवशी कळवायचं, आणि कळवलं म्हणून कुणाचंही काम जाणार नाही, तो ठेकेदाराचा माणूस असला तरी. साहेब म्हणाले, हे काय लिहायची गोष्ट आहे का. मी म्हटलं, आमच्या घरी आहे. त्यांना काही कळलं नाही, पण सही केली.

तर आज त्या सुजलेल्या हाताला आधी गाडीवरून उतरवलं. तसल्या हाताने तो भरलेली गाडी शाळेच्या गल्लीतून नेणार होता. मग सगळ्यांना आवारात बोलावलं. आता सगळ्या गाड्यांना मागे कॅमेरा आहे, रिव्हर्स घेताना त्या टुंई टुंई ओरडतात. तुम्ही असता तर वैतागला असता. मी एकेक सांगत गेले. पट्टा लावायचा. मागच्या पायरीवर लोंबकळत जायचं नाही. मागचा भाग वर उचललेला असताना खाली कुणी जायचं नाही. सगळे माना डोलवत होते. लागलं तर त्याच दिवशी कळवायचं, असं म्हटल्यावर माना थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, मोरीत पडलो तरी कळवायचं का. हशा पिकला. तो उधव्याचा पोरगाही हसला, हात पंच्यात तसाच. मग मला राहवलं नाही. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. लादीची, आईच्या भांड्यांची, न मिटणाऱ्या मुठीची. वेणीची नाही. आणि शेवटी म्हणाले, एका ट्रॅक्टरपायी माझ्या बाबांनी आपला हात घालवला, तुम्ही तसं करू नका.

बाकावर तुमच्या ट्रॅक्टरवरचे ते काका बसले होते. मध्ये कधीतरी कायम झाले, आता थोड्याच दिवसांत निवृत्त होतील. जड काम होत नाही म्हणून गेटवर बसवलंय. ते उठून उभे राहिले. मला वाटलं पाणी प्यायला निघाले. पण ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाय, ट्रॅक्टरपायी नाय. माझ्यापायी. फाळका माझ्या हातून सुटला."

ते एकेक शब्द चाचपत बोलत होते. तुम्ही कडी लावत होतात आणि त्यांनी फाळका उचलून धरायचा होता, रोजचंच काम. हात घामेजला, निसटला. रिपोर्ट झाला असता तर कुणाच्या चुकीने हे विचारलं असतं आणि रोजंदारीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी उभं केलं नसतं. घरी लहान पोरं होती. काका रडायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, माझी नोकरी पक्की आहे, तुझी नाही, तू गप राहा. "मग तुझा बाबा मोरीत पडला," काका म्हणाले. "तुमच्या घरी एवढा चहा पिलो. पण त्या मोरीत हात धुवायला माझा पाय गेला नाय कधी."

बाबा, मी तिथे सगळ्यांसमोर रडले. मॅडमगिरी गेली कुठच्या कुठे. इतकी वर्षं तुमच्यावर रागावून बसले होते, तो राग असा हातातून निघून गेला आणि त्याच्या जागी काही उरलंच नाही, नुसते तुम्ही. तुम्ही आत्ता समोर असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक भांडलेच असते. एवढं मोठं काम करून ठेवलंत आणि आम्हाला बारीकसं सांगितलंही नाहीत.

त्या पोराकडे बघितलं तर तो हसत नव्हता. हळूच म्हणाला, गाडीवर माझ्यासोबत माझा मेव्हणा असतो, ठेकेदाराकडून लागलेला; त्याचं नाव आलं तर उद्या त्याला काढतील. ठेकेदाराला कोण सांगणार? मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. ठेकेदार सीमेपलीकडचा, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलतो. बेन, माणसं काय कमी आहेत, दुसरा पाठवतो, असं तो म्हणाला. मी म्हटलं, दुसरा नको, त्याचा हा मेव्हणाच हवा. हाच उद्या गाडीवर दिसला नाही तर तुमची एकही गाडी या गेटातून बाहेर पडणार नाही, आणि नियमाखाली साहेबांची सही आहे. मग तो म्हणाला, ठीक छे, लिहिलं असेल तर राहू दे. फोन ठेवला आणि तो पोरगा पुढे आला. "मॅडम," तो म्हणाला, "मी पडलो नाही. मागचं दार हातावर आलं." काकांनीच त्याला रिक्षात बसवलं, दवाखान्यात सोबत गेले. प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलं, मूठ मिटेल.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिचे गुडघे आता धरतात, चुलीच्या जागी गॅस आहे, पण भाकरी अजून तीच थापते. सगळं ऐकून घेतलं. भाकरी उलटली. मग म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं. मी काय गावभर केलं असतं?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "केलं असतं म्हणा. माझ्या मोरीची अब्रू गेली होती." आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, हसता हसता रडली. दिवाळीला काकांना जेवायला बोलवायचं ठरवलंय तिने. हात आतच धुवायला लावणार आहे.

हे लिहून झालं की कागद घडी करून आईच्या साबणांच्या डब्यामागे ठेवून देईन. तुम्हाला पाठवायला पत्ता कुठला? पण एक गोष्ट राहिली, ती आवारात सांगितली नाही आणि आईलाही नाही. तुम्ही रोज ओट्यावरून म्हणायचात, बाईंना सांग, वेणी नीट घालून देतील. बाईंनी विचारलंही होतं, ये इकडे, सोडून परत घालते. मैत्रिणीही मागे लागायच्या. मी डोक्यावर हात ठेवून पळून जायचे, बाबा. तुम्ही घातलेली वेणी मी कुणालाच सोडू दिली नाही.