पिकअपचा सखोल अभ्यास

१८ नोव्हेंबर
आजपासून नोंदी ठेवणार. मोठा निर्णय आहे, सगळे कागदावर हवे.
विषय : सेकंड हँड पिकअप. कारण : चांगोदादा. गावाची भाजी बारा वर्षे तोच आपल्या पिकअपमधून मुरबाडला नेतो. आता त्याचे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही, वर्ष संपले की बंद म्हणतो. इकडे माझ्या बायकोने, गिरजाने, भात निघाल्या निघाल्या पाऊण एकरात भेंडी लावलीय. एक्स्पोर्टची. पहिला तोडा जानेवारीच्या सुरुवातीला. माल सकाळी आठच्या आत मुरबाडच्या पॅकिंगवाल्याकडे पोचला तर घेतात, नाहीतर परत. म्हणजे तोवर दारात गाडी हवीच.
बायकोला सांगितले, तू भेंडी बघ, गाडी माझ्यावर सोड. ती खुरपे घेऊन शेतात गेली. विश्वास आहे.

२० नोव्हेंबर
चांगोदादा स्वतःच आला. म्हणे, "वाल्मिक, माझीच घे ना रे. हिला तुमचा शेत पाठ हाय." हसू आवरले. गाडी देशी, बारा वर्षांची, आरसा सुतळीने बांधलेला. डावा दरवाजा आतून उघडतच नाही, बाहेरून कोणी उघडला तरच माणूस उतरणार. असल्या गाडीत बसणार कोण? शिवाय ओळखीत गाडी घेऊ नये असे एका व्हिडिओत सांगितलेय. नम्रपणे नकार दिला.

२३ नोव्हेंबर, दुपारी ३, दुकानात
आसनगावला स्वतःचे झेरॉक्सचे दुकान असण्याचा हा फायदा. गिऱ्हाईक नसताना तुलना-तक्ता केला. देशी विरुद्ध जपानी. इंजिन, मायलेज, टिकाऊपणा, रुबाब. जपानी तीन, देशी एक. रुबाबाला डबल मार्क धरले तर चार-एक. तक्ता लॅमिनेट करून एक प्रत बाबांना दिली. ते त्याने वारा घेत बसलेत.

२७ नोव्हेंबर
आमचे बाबा, देवजी, म्हशाच्या जत्रेत चाळीस वर्षे लोकांना बैल पारखून देत. पारख माझ्याकडे तिथूनच आली. आज सहज विचारले, बैल घेताना आधी काय बघायचे? दात? खूर? म्हणाले, "बैल मागून बघायचा. पयला मालकाचा गोठा बघायचा." फार मोठी गोष्ट सांगितली. गाडीलाही हेच लावणार.

३० नोव्हेंबर
लर्निंग लायसन्स तिसऱ्यांदा संपले. सहा महिने ही काय मुदत झाली?
संकल्प : उद्यापासून रोज सकाळी सहाला ड्रायव्हिंगचा सराव.

१ डिसेंबर
थंडी.

२ डिसेंबर
आधी थिअरी पक्की करावी. प्रॅक्टिकलला काय, दोन दिवस पुरतात.

५ डिसेंबर
गिरजा हल्ली दर मंगळवार-शुक्रवार बचत गटाच्या मीटिंगला मुरबाडला जाते. केवढ्या त्या मीटिंगा! रात्री जेवताना मी तिला गियर कसा टाकतात ते समजावत होतो, तर म्हणते, "तसा नाय ओ. आधी क्लच, मंग गियर." माझे ऐकून ऐकून तिलाही कळायला लागले. समाधान वाटले.

१४ डिसेंबर, कल्याण
गाडी सापडली! जपानी. मालक पंकजशेट. बाबांच्या पद्धतीने आधी गोठा पाहिला, म्हणजे शेटचा फ्लॅट. संगमरवरी फरशी, काचेच्या टाकीत मासे, चहा बशीसकट. गोठा पास. मग गाडी. काळी कुळकुळीत. चारही दरवाजे आतून उघडतात, मी चारही उघडून पाहिले.
इसार देणारच होतो, पण गिरजाने फोनवर खोडा घातला. "आधी शेतावर येऊं दे तिला. एक तोडा नेऊं दे, मंग बोला." शेटला सांगितले, बायकोची हौस आहे. बिचारे तयार झाले. पाच जानेवारी ठरली.

२२ डिसेंबर
भेंडीला फूल धरलेय. गिरजा पहाटे उठून पाणी सोडते. मी पण उठणार होतो, पण काल सस्पेन्शनवरचे तीन व्हिडिओ लागोपाठ पाहावे लागले.

२८ डिसेंबर
चांगोदादाच्या अंगणात गिरजा त्याच्या पिकअपमध्ये बसलेली दिसली, स्टिअरिंगच्या बाजूला. विचारले तर म्हणाली, दादाची सीट पुसून देतेय. शेजारधर्म पाळावा माणसाने, पण इतका?

५ जानेवारी, सकाळी ११
घाईत लिहितोय. दोष वाटेचा आहे.
सहाला तोडा झाला. चार क्रेट, हिरवीगार कोवळी भेंडी. सातला शेट आले. अख्खे गाव बघायला जमले होते, मी पुढे राहून हाताने दिशा देत होतो. चिंच आणि दगडी बांध यांच्यामधून आमच्या शेताची वाट जाते. मी म्हटले, येऊ द्या, येऊ द्या. आधी आरसा गेला. मग गाडी तिथे अशी बसली की ना पुढे, ना मागे. चारही दरवाजे आतून उघडतात खरे, पण उघडायला जागा नव्हती. शेट आत, मी बाहेर.
शेवटी चांगोदादाने आपली पिकअप आणली, मागून दोरखंड लावला आणि जपानी गाडी ओढून काढली. मग त्यानेच गुडघा धरत क्रेट मुरबाडला नेले. पोचायला साडेनऊ. माल परत.
गिरजा बांधावर परत आलेल्या क्रेटला टेकून बसली होती. दोन महिने राबली होती ती या चार क्रेटांसाठी. मला फार वाईट वाटले. खरेच वाटले.

५ जानेवारी, दुपारी
जेवायला भेंडी.

६ जानेवारी, सकाळी
टेप घेऊन वाट मोजली. साडेसहा फूट. जपानी आरशांसकट सात. चांगोदादाची जेमतेम पाच. तक्त्यात रुंदीचा रकाना नव्हता हे मान्य, पण व्हिडिओत आमच्या चिंचेबद्दल कोणी बोलतच नाही. उद्या सकाळी दुसरा तोडा आहे. देशी गाडीचाही नव्याने अभ्यास करायला हरकत नाही. तक्ता क्रमांक दोन.

६ जानेवारी, संध्याकाळी ६
अंगणात खाट टाकली गेली. एकीकडे बाबा, एकीकडे चांगोदादा. बैलाचा सौदा करतात तसा पिकअपचा सौदा, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायचा. म्हटले, आता माझी गरज लागणार. लागलीच. बाबांनी हाक मारली, "वाल्मिक, तुजा टॉवेल दे रं." दिला. टॉवेलखाली बोटे हलली, दोघे हसले, सौदा झाला. किती बोटे ते बाबांनी फक्त गिरजाला सांगितले. पैसे तिच्या बचत गटाचे आहेत.
चालवणार कोण, हा प्रश्न मी उपस्थित केला. गिरजा आत गेली आणि लायसन्स घेऊन आली. पक्के. फोटोत हसतेय. मंगळवार-शुक्रवार मीटिंग नव्हती, क्लास होता. मला का नाही सांगितले विचारले तर म्हणाली, "तुमचा अभ्यास चालला होता. कशाला मोडायचा?"

७ जानेवारी, सकाळी ७:४०, पॅकिंगवाल्याच्या आवारात, गाडीत
वेळेत पोचलो. वीस मिनिटे हातात. मी शेजारी बसून सूचना देत होतो. तिने एकही घेतली नाही. चिंचेखालून गाडी सुतासारखी सरळ काढली.
आजचे पाचही क्रेट काट्यावर गेले. माल पास! गिरजा इथूनही हसताना दिसतेय. पॅकिंगवाल्याने तिला चहा दिला.
मी डाव्या सीटवर आहे. काच खाली करायचे हँडल चांगोदादाच्या घरी राहिलेय. ड्रायव्हरच्या बाजूने सरकता येईल, पण मध्ये गियर आहे आणि गेटवर ओळखीची माणसे उभी आहेत. घाई नाही. संकल्प : सोमवारी लर्निंग लायसन्सचा फॉर्म.
आता तिने इकडे पाहिले. दरवाजा उघड म्हणून मी हात हलवला. तिनेही मला टाटा केला आणि दुसरा चहा घेतला.