हळदीच्या काढ्याबाबत गणपतराव इंगवले यांचे अखेरचे म्हणणे

मी, गणपतराव ज्ञानू इंगवले, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी भरीस घातलेले नाही. मरण दारात उभे आहे अशातलाही भाग नाही. माझा मूत्राशयाचा कॅन्सर सध्या आटोक्यात आहे. तरी लिहितो, कारण भाषणाला टाळ्या पडतात आणि टाळ्या पडल्या की मी वाहवतो. मृत्युपत्राला कोणी टाळ्या वाजवत नाही.

१. राहते घर आणि पोस्टातील ठेव मुलगा राजवर्धन व मुलगी अनुजा यांना निम्मी निम्मी. मुलींच्या हक्कासाठी मी जिल्हाभर घसा फोडला आहे. स्वतःच्या घरी वेगळे केले तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तशी ती आता फारशी उरलेली नाहीच.

२. तालमीचे सचिव अमरसिंह यांच्यावरचा राग मी मागे घेतो. गेल्या शिवजयंतीच्या भाषणात त्यांनी माझा माइक मध्येच बंद केला, म्हणून मी अबोला धरला होता. आता माझी तक्रार उलटी आहे: माइक बंद करायला त्यांनी उशीर केला. माझे भाषणाचे जाकीट, पोटावर बसत असेल तर, त्यांना द्यावे.

३. त्या भाषणाविषयी. अनुजा पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. काचेच्या ताटलीत मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर हळदीतले द्रव्य टाकायचे आणि वाढ किती मंदावते ते पाहायचे, हे तिचे काम. वाढ मंदावते. पुष्कळ पेशी मरतातही. तिचा लेख मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला आणि आनंदाने फोन केला. ती म्हणाली, "बाबा, ताटलीत मीठ ओतलं तरी पेशी मरतात. प्यायलेली हळद मूत्राशयापर्यंत पोचते किती? माणसांवर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. हे व्यासपीठावर नेऊ नका हं."

मी नेले. काढ्याचा पेला उंचावून गरजलो, "परसातल्या हळदीपुढं कॅन्सर गुडघे टेकतो! हा बघा, मी उभा आहे!" लेकीचे नाव घेतले आणि लेकीचे वाक्य गिळले.

४. मी उभा होतो तो दवाखान्याच्या जोरावर. दुर्बिणीने गाठ खरवडून काढली होती आणि त्यानंतर नळीने मूत्राशयात औषध सोडून घेत होतो. घरात सांगायचो, शाहूपुरीत काम आहे. आजार पेठेला ठाऊक होता, उपचार मी लपवले. लपवण्याचे कारण लिहिताना मान खाली जाते. मंत्र्यांना भर सभेत जाब विचारणाऱ्या मला 'माझ्या लघवीतून रक्त जाते, नर्सबाई मला नळी घालतात' एवढे पेठेत सांगता येईना. 'काढा घेतो' म्हणायला सोपे होते, आणि वर मान ताठ राहत होती.

५. शाहूपुरीतले गुळाचे अडते भूपाल चौगुले हे माझे जुने मित्र. त्यांनाही हाच आजार. भाषणानंतर घरी येऊन म्हणाले, "मास्तर, तुमी काढ्यावर घोड्यागत हिंडताय. मग मी कशाला नळ्या घालून घेऊ, सांगा की?" मी हसलो. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. त्यांनी उपचार सोडले.

परवा त्यांच्या पत्नी सुरेखावहिनी दारात आल्या. "भावजी, ह्यांच्या लघवीत परत रक्त आलंय. काढा जरा दाट करून देऊ का?"

मी म्हणालो, "उद्या सांगतो, वहिनी." वाक्यासाठी मी आयुष्यात कधी अडलो नव्हतो. त्या 'बरं' म्हणून विश्वासाने परत गेल्या.

६. माझे पुस्तकांचे कपाट भूपाल यांना द्यायचे मनात होते. पण साक्षीदाराला काही दिले तर पुढे वाद निघतो, असे वकील सांगतात. मला त्यांची सही हवी आहे, म्हणजे सहीआधी त्यांना हे वाचावे लागेल. तेव्हा कपाट तालमीच्या वाचनालयाला. भूपाल हे वाचत असताना मी समोर बसेन आणि उठून जाणार नाही. शिव्या दिल्या तर त्या माझ्या हक्काच्या आहेत.

७. राजवर्धनने फोनवर पसरवलेले ते भाषण काढून टाकावे. त्याच्या जागी कलम तीन, चार आणि पाच मी तालमीच्या चौकात स्वतः वाचेन. बाकी मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होईल. ही तीन कलमे आजपासून लागू आहेत.

वरील मजकूर माझा, अक्षर माझे, लाजही माझी.

गणपतराव ज्ञानू इंगवले (सही)
कोल्हापूर, शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:

१. डॉ. निशिगंधा सरनोबत (सही). लिहिणाऱ्यांना तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. भूपाल आदगोंडा चौगुले (सही). सगळं वाचलं. दोनदा वाचलं. राग आलाय आणि तो एवढ्यात जाणार न्हाय. सोमवारी दवाखान्यात चाललोय. मास्तर, तुमी संगं यायचं. वाटंत एक शब्द बोलायचा न्हाय.