माफीच्या कागदावरची माती

होळी, फाल्गुन १९११. संध्याकाळ.

नखांतली माती अजून निघत नाही. तरी लिहायला बसलो, हसू आवरत नाही म्हणून.

दिवाणसाहेबांनी मला डोंगरात पाठवलं ते चौकशीला. गादीवरून दोन भावांत लढाई चाललीय; आम्ही थोरल्याकडचे. धाकट्याच्या टोळीतून चौघे फुटून आलेत. त्यांना माफी द्यावी की नाही, हे मी कळवायचं. मी! त्यांतल्या वेस्ताचाच बाण माझ्या घोडीच्या मांडीत घुसला होता. 'देऊ नये' असं मनात जवळजवळ ठरलंच होतं.

आज गावात होळीच्या दांड्यासाठी खड्डा खणत होते. मी कुदळ पुढे केली, तर म्हातारा पाटील ओरडला, "तात्या, लोखंड नको! हातच लावना पडी. ज्यानी माती काढी, तो आमना शे."

तेवढ्यात ते चौघे आले. धनुष्यं झाडाला टेकवली आणि सरळ गुडघ्यांवर बसून माती उपसू लागले. हाताने माती काढेल तो गावाचा, अशी इथली रीत; कुणीच अडवलं नाही. मग मी तरी उभा का राहू? बसलो. शेजारी नेमका वेस्ता. मान खाली घालून म्हणाला, "घोडी चालस का आते?"

"लंगडस, पण चालस."

तो असा हसला, की मलाही राहवेना. कोपरापर्यंत माती, आणि आम्ही दोघे हसतोय!

आत्ता लिहून टाकलं: माफी द्यावी. चूक करतोय का? असेन. खाली चौघांच्या अंगठ्यांच्या ठशांसाठी जागा सोडली होती. कागद सरकवताना तिथे पहिला ठसा माझाच उमटला, मातीचा.

कागद बदलणार नाही.