आक्काचं तिकीट

१४ नोव्हें. २०२५, शुक्र.
अर्धी रजा. आक्काला रनाळ्याहून आणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेने दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब केलेत. डावा तर जवळजवळ गेलाच. उजवा किती दिवस टिकेल, सांगता येत नाही म्हणाले. इंजेक्शनं चालू.
जिना उतरताना आक्का मध्येच थांबली. "सुभाष, माले एकदाव ताजमहाल दखाड."
मी हसलो. ती हसली नाही.
दाजी ट्रकवर होते तेव्हा नंदुरबारची मिरची घेऊन आग्र्याला जायचे. तिला सांगायचे, चारी मिनार बाहेरच्या अंगाला झुकलेले आहेत. "मी म्हने, काय बी फेकतस. त्यावरथीन आठ दिवस अबोला. आते तुना दाजी बी नहीत. माले दखानं शे, खरं व्हतं का खोटं."
म्हटलं, डिसेंबरात जाऊ. तिकिटं मी काढतो.
आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतर माझं जे काही केलं ते या थोरल्या बहिणीनेच. कापूस वेचायला जाताना मला शाळेच्या दारात सोडून जायची. हे आज का लिहितोय?

२१ नोव्हें.
आक्काचे तीन फोन. आधार कार्डाची झेरॉक्स दूधवाल्याबरोबर पाठवली. नवीन चपलाही घेतल्या म्हणे, घरात घालून सवय करतेय.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी तिकिटं काढायला बसलो. मी, बायको विमल, आक्का. तेवढ्यात व्याह्यांचा फोन. पल्लवीकडून कळलं, आम्हीही येतो म्हणाले. दोघं नवराबायको. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेत, लेकीच्या सासूसासऱ्यांना नाही कसं म्हणायचं?
रेल्वेच्या चारच जागा शिल्लक.
विमल म्हणाली, आक्कांना पुढच्या वेळी नेऊ, त्या घरच्याच आहेत.
मीही तेच म्हणालो. खरं तर तिच्याआधी माझ्या मनात आलं होतं. चार तिकिटं काढली. ताजमहालचीही चार. ती तर दोन मिनिटांत मिळाली, कितीही मिळाली असती.

२४ नोव्हें.
आक्काला फोन. म्हटलं, "ताजमहालनं तिकीटच नही भेटी ऱ्हायनं, आक्का. फेब्रुवारीपावत फुल्ल शे."
"इतली मानसं जातस तठे?"
"हां."
"जाऊ दे भाऊ. तू नको जीव जाळू."
रेल्वेच्या जागा नव्हत्या, असं सांगितलं असतं तर निदान अर्धं खरं झालं असतं. ते सुचलं नाही. की सुचलं होतं आणि...

५ डिसें.
आक्काला सांगितलं, कॉलेजच्या कामाने पुण्याला चाललोय, चार दिवस. दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

९ डिसें., मंगळ., आग्रा
पाहिला. काय लिहू? कमानीतून आत शिरल्यावर एकदम समोर येतो, आणि बोलणं बंद होतं.
तिकीट खिडकीवर चार-पाच माणसं उभी होती. बस्स. मी जरा जास्त वेळ तिकडे बघत राहिलो.
व्याही खूश. त्यांनी पन्नास फोटो काढायला लावले. विमलला म्हटलं, स्टेटसला टाकू नकोस. तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला.
हॉटेलवर परतताना आठवलं, मिनार झुकलेत का ते पाहायचंच राहिलं. तीन तास तिथे होतो.

१४ डिसें., रवि.
रनाळ्याला गेलो. आक्काने पुण्यात थंडी होती का विचारलं. होती म्हटलं. तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. दोन घास कमी खाल्ले. "बरं नही का?" म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

८ जाने. २०२६, गुरु.
सकाळी सातला फोन. "सुभाष, उजवा डोयासमोर कायं जायं उनं. पुसं तरी जात नही."
डोळ्यासमोर काळं जाळं. लगेच गेलो. डॉक्टर म्हणाले, आत रक्त उतरलंय. थोडं थांबून ऑपरेशन करावं लागेल, नजर किती परत येईल याची खात्री नाही.
परत येताना रिक्षात तिने माझा दंड घट्ट धरला होता. तिला उजेड आणि सावली कळते, एवढंच.
९ डिसेंबरला तिचा उजवा डोळा चांगला होता. आज ३० दिवस.

११ जाने.
आज सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगितलं नाही. तिच्या विहिरीच्या मोटारीचं काम करून परत आलो.

१८ जाने.
आक्काच म्हणाली. "फेब्रुवारीनं तिकीट भेटी का रे?"
मी मोबाइल काढला, परत खिशात ठेवला.
"माले आते निस्तं धवळं-धवळं दिसस. ताजमहाल बी धवळाच शे ना? चाल मंग."
डॉक्टरांना विचारलं. रेल्वेने जायला हरकत नाही, ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही.
घरी येऊन लगेच बसलो. तीन तिकिटं. जागा भरपूर होत्या.

३ फेब्रु., मंगळ., गाडीत
भुसावळला गाडी बदलली. आक्काला हाताला धरून डब्यात चढवलं. ती नवी चप्पल घालून आलीय. दुपारी मला झोप लागली. जागा झालो तेव्हा दोघी समोर बसलेल्या, विमलचे डोळे लाल. काय झालं विचारलं तर म्हणाली, खिडकीतून धूळ आली.

४ फेब्रु., बुध., आग्रा
सगळं आठवेल तसं लिहितो.
आक्का एका हाताने माझा दंड धरून, दुसरा हात पुढे करून चालत होती. रांग नव्हतीच. तिकीट दाखवलं, आत. तिच्या ते लक्षात आलं असणार, कान तिखट आहेत तिचे.
पुढे मी म्हटलं, "आक्का, जोडावर घालाना पिशव्या पुढे भेटतस, डाव्या हातले."
"तुले कसं माहीत?"
"मोबाइलमा दखं."
"हां," म्हणाली. इतकंच.
कमानीतून आत आल्यावर मी तिला उभं केलं. "समोर शे, आक्का."
ती बराच वेळ तोंड वर करून राहिली. "धवळं शे," म्हणाली. "मोठं शे. ढगसारखं." विमल बाजूला जाऊन उभी राहिली.
वर चौथऱ्यावर गेलो. तिने संगमरवराला हात लावला, मग गाल लावला. पहारेकऱ्याने हटकलं, मी हात जोडले, तो दुसरीकडे पाहायला लागला.
मग तिने विचारलं. "मिनार झुकेल शेतस का?"
मी पाहिलं. चारी पाहिले. मागे सरकून पाहिले. मला सरळ दिसले. अगदी सरळ.
"हां आक्का. बाहेरना अंगे झुकेल शेतस."
तेवढ्यात शेजारी एक गाइड कुणा कुटुंबाला हिंदीतून सांगत होता, मिनार मुद्दाम किंचित बाहेर झुकते बांधलेत, भूकंप झाला तर इमारतीवर पडू नयेत म्हणून. आक्काने ऐकलं. मीही ऐकलं. माझं खोटं खरं निघालं, पण मी खरं बोललो असं कसं म्हणू?
आक्काचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही. हसत होती आणि पदराने गाल पुसत होती.
"तुना दाजी खोटं बोलेत नही," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आपला घरमा एक तं मानूस खरं बोले."
माझ्याकडे तोंड नव्हतं तिचं.

७ फेब्रु., शनि., रनाळे
आक्काकडे बायका जमल्या होत्या. ती सगळं सांगत होती, दगड कसा गार, आवाज कसा घुमतो, मिनार कसे झुकलेत. "मन्हा भाऊनी दखाडं," असं दोनदा म्हणाली. एक म्हातारी मला म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी पाणी प्यायला आत गेलो आणि आतच थांबलो.

१२ फेब्रु., गुरु.
विमलने आज सांगितलं. मी झोपलो होतो तेव्हा गाडीत तिने आक्काला सगळं सांगितलं होतं. डिसेंबर, व्याही, सगळं. "माझ्याने राहवेना," म्हणाली.
"आक्का काय म्हणाली?"
"काही नाही. खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, चहावाला आला तर बघ."
म्हणजे ताजमहालात पूर्ण वेळ तिला माहीत होतं. चपलांवरच्या पिशव्या. 'तुले कसं माहीत.' एक तं मानूस.
विमलवर चिडलो. मग लाज वाटली. जे मी करायचं ते तिने केलं.

१५ फेब्रु., रवि.
एकटाच रनाळ्याला गेलो. आक्का खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बोटांनी चाचपून, दाणा इकडे, टरफल तिकडे. माझ्या पावलांवरून ओळखलं. "बस," म्हणाली.
बसलो. शेंगा फोडायला लागलो. मग म्हटलं, "आक्का, डिसेंबरमा मी पुणाले जायेल नव्हतू."
तिचे हात थांबले नाहीत.
सगळं सांगितलं. चार जागा, व्याही, खिडकीवरची चार-पाच माणसं. मिनार मला सरळ दिसले होते, तेही. विमलने आधीच सांगितलंय हे मला माहीत आहे, तेही. सांगून झालं तेव्हा ओसरीवर चिमण्या आल्या होत्या टरफलांत.
तिने पदरातली टरफलं खाली झटकली. राग दिसला असता तर बरं झालं असतं.
मंगळवारी ऑपरेशन आहे. उठताना विचारलं, "सकायमा लेवाले येऊ ना? मीच येसू संगे."
तिने मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.
"दखू," म्हणाली.